दाढीच्या ब्रशचा झुबका सुटलाय? घरच्या घरी पक्का बसवायची रीत

दाढीच्या ब्रशचा झुबका मुठीत हलायला लागला की घरोघरी एकच उपाय होतो. फेविक्विकचे दोन थेंब सोडायचे, अंगठ्यानं दाबायचं आणि दुसऱ्या दिवशी दाढीला बसायचं. काही दिवसांत झुबका परत हातात येतो, आणि या वेळी मुळाशी कडक झालेल्या केसांसकट येतो. मग ब्रश कचऱ्याच्या गाडीत. वाईट याचं वाटतं की अशा ब्रशमध्ये मोडलेलं काहीच नसतं. केस शाबूत, मूठ शाबूत. फक्त दोघांमधला जोड सुटलेला. तो नीट बसवला तर ब्रश आणखी कित्येक वर्षं चालतो, आणि त्याला लागणारं सामान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळून जातं.

या कामात गोंद लावायला फार तर दहा मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ वाळवणं, खरवडणं आणि मापं बघणं यात जातो, आणि जोड टिकतो तो याच तयारीच्या जोरावर. ही तयारी टाळून महागातला गोंद आणला तरी उपयोग नाही.

आधी बघा, सुटलंय नेमकं काय

केसांचा झुबका कारखान्यात मुठीपासून वेगळा तयार होतो. केस सारखे करून बुडाशी घट्ट आवळतात आणि तेवढाच भाग गोंदात मुरवतात. तो वाळला की केसांच्या मुळाशी टणक चकती तयार होते. तिला आपण बूड म्हणू. मुठीच्या माथ्यावर एक गोल खड्डा असतो, ती खोबण. बूड खोबणीत चिकटवलं की झाला ब्रश. म्हणजे सुटण्याच्या जागा दोनच: बूड खोबणीतून सुटेल, नाहीतर केस बुडातून सुटतील.

ब्रश कोरडा असताना डाव्या हातात मूठ धरा. उजव्या हाताच्या चिमटीत केस अगदी मुळाजवळ पकडून हलकेच फिरवा. सगळा झुबका एकसंध फिरला किंवा डुगडुगला तर फक्त जोड गेलाय. हे सोपं काम. फिरवताना केसांचे पुंजके हातात येत असतील तर बूडच फुटलंय. त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो पुढं दिलाय. नव्या ब्रशचे सुरुवातीच्या दिवसांत चार-दोन केस गळतात, त्याची काळजी नको.

आणखी एक गोष्ट बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच ब्रशांत झुबका आधी प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेला असतो आणि ती वाटी पोकळ मुठीत दाबून घातलेली असते. तिथं झुबका वाटीला पक्का असतो आणि वाटीच मुठीत हलत असते. काही ब्रशांत धातूची किंवा प्लॅस्टिकची कडी असते, ती सैल होते. रीत तीच, फक्त गोंद कुठं लावायचा ती जागा बदलते. मुठीला काठापासून खाली उभी चीर गेली असेल तर मात्र आधी ती चीर भरायला हवी, कारण पाणी तिथूनच आत जातंय.

जोड सुटतो कशानं

पाण्यानं. दाढीच्या मगात ब्रश मुठीपर्यंत बुडवून ठेवायची सवय बहुतेकांना असते. गरम पाण्यात मूठ, बूड आणि मधला गोंद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि गार झाल्यावर वेगवेगळे आकसतात. रोजच्या या ओढाताणीत गोंदाला केसासारखी बारीक फट पडते. फटीतून साबणाचं पाणी आत उतरतं, आत वाळत नाही, आणि गोंदाखालची पकड हळूहळू सोडवतं. लाकडी मुठीत तर लाकूडही फुगतं, त्यामुळं तिथं हे लवकर होतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्याची यात भर पडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत न्हाणीतल्या फळीवर ठेवलेला ब्रश पूर्ण वाळतच नाही. त्यात बोअरच्या जड पाण्याचा साबण झुबक्याच्या मुळाशी पांढऱ्या थरासारखा साचतो आणि केसांना आतून फाकवत राहतो.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे दोन ट्यूबचा एपॉक्सी, म्हणजे आपण ज्याला सरसकट अराल्डाईट म्हणतो तो. एका ट्यूबमध्ये रेझिन असतं, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. सावकाश घट्ट होणारा साधा प्रकार घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणाराही मिळतो, पण गरम पाणी आणि ओल सोसण्यात तो सावकाश होणाऱ्यापेक्षा कमी पडतो, शिवाय झुबका सरळ करायला वेळ देत नाही.

बरोबर 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर, जुना कटर किंवा बारीक पटाशी, तिकोनी कानस किंवा हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, मास्किंग टेप, शिवणाचा सुती दोरा, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, रबरी हातमोजे. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणा. हातावर घ्यायचं सॅनिटायझर चालणार नाही. त्यात ग्लिसरीन असतं, ते पृष्ठभागावर राहतं आणि गोंद धरू देत नाही. साबणाचा थर काढायला पांढरं व्हिनेगर.

बाकीचे गोंद का नकोत तेही सांगतो, कारण दुकानात हाच प्रश्न येतो. फेविक्विकसारखा पातळ गोंद केसांच्या मधून वर चढतो आणि झुबका मुळाशी काटक्यांसारखा कडक करून टाकतो. शिवाय तो फट भरत नाही आणि वाळल्यावर ठिसूळ होतो. फेविकॉल लाकडाला उत्तम, पण साधा पांढरा फेविकॉल रोजच्या पाण्यात मऊ पडतो. ग्लू गनचा गोंद गरम पाण्यात ढिला होतो. एम-सील इतका घट्ट मळलेला असतो की बुडाच्या बारीक खाचांत शिरत नाही, पण खोबणीचा फुटलेला काठ बांधून काढायला त्याच्यासारखी वस्तू नाही.

पहिला टप्पा: धुणं आणि वाळवणं

कोमट पाण्यात दहाव्या हिश्शाइतकं व्हिनेगर घालून त्यात फक्त केस पाच-सात मिनिटं बुडवा. बोटांनी मुळापर्यंत चोळा, साबणाचा थर सुटेल. साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळबळून झटका आणि फडक्यात दाबून पुसा.

आता ब्रश वाळू द्या. उन्हाळ्यात सावलीत वाऱ्यावर दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात चार दिवस धरा आणि ब्रश न्हाणीतून बाहेर काढा. फ्रिजच्या मागच्या बाजूला उबदार हवा येत असेल तर तिथं, नाहीतर पंख्याखाली. कडक उन्हात ठेवू नका, लाकडी आणि शिंगाच्या मुठी तडकतात. बाहेरून केस कोरडे लागले म्हणजे आतलं बूड वाळलं असं नव्हे. झुबका बाहेर काढल्यावर त्याला आणखी एक रात्र मोकळं वाळू द्यायचंच आहे.

दुसरा टप्पा: झुबका बाहेर काढणं

सैल झालेला झुबका बऱ्याचदा नुसता फिरवत ओढला की येतो. केसांच्या टोकाला कधीच धरू नका. मुळाशी फडक्याची दोन वेटोळी घाला, तिथं चिमट धरा, डावीकडं-उजवीकडं थोडं थोडं फिरवा आणि सरळ वर ओढा. तिरकं ओढलं तर खोबणीचा काठ फुटतो.

अर्धा सुटलेला आणि अर्धा धरलेला झुबका जास्त त्रास देतो. तिथं ऊब द्यावी लागते. मूठ धातूची असेल तर केस वर ठेवून मूठ काठापर्यंत चांगल्या गरम पाण्यात उभी करा. पाणी उकळतं नको. दहा मिनिटांत जुना गोंद मऊ होतो. लाकडी मुठीला पाणी नको, हेअर ड्रायरची हवा काठावर गोल फिरवत दोन-तीन मिनिटं द्या. प्लॅस्टिकला त्याहून कमी, मध्ये मध्ये बोट लावून बघत. नेलपॉलिश रिमूव्हर ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यातलं ॲसिटोन कित्येक प्रकारच्या प्लॅस्टिकची चकाकी खाऊन टाकतं आणि मूठ कायमची पांढरट पडते.

झुबका काढायच्या आधी एक काम करा: खोबणीच्या काठाला टेकून केसांवर जिथं रेघ येते तिथं टेपची बारीक पट्टी गुंडाळा. परत बसवताना उंची तंतोतंत मिळते.

तिसरा टप्पा: खरवडणं

सगळ्या कामाचं यश इथं ठरतं, म्हणून इथं घाई करू नका.

खोबणीत डोकावलं की जुन्या गोंदाचा पिवळट थर दिसतो. त्याच्यावर साबणाचा बुळबुळीत पापुद्रा आणि कधी कधी काळी बुरशी. नवा गोंद या थरावर लावला तर तो त्या थरालाच चिकटेल, मुठीला चिकटणार नाही; आणि तो थर तर आधीच सुटायला आलेला आहे. म्हणून खाली मुठीचं मूळ अंग दिसेपर्यंत खरवडायचं. पटाशीचं टोक भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि वरून खाली ओढा. जुना गोंद काचेच्या कपच्यांसारखा निघतो. तळाशी तो जाड असतो. तिथं ड्रिलचं जाड बिट हातानंच फिरवलं तर छान भुगा होऊन निघतो. मशीन लावू नका, बिट एकदा सटकलं की भिंत जाते.

भिंत उघडी पडली की 80 नंबरच्या पेपरची सुरळी करून आत फिरवा. गुळगुळीत भिंत दिसायला बरी वाटते, पण गोंदाला खडबडीत लागते. बोटानं चाचपल्यावर सगळीकडं सारखं खरखरीत लागलं पाहिजे. धातूच्या मुठीत पेपरानंतर सुईच्या टोकानं आडव्या रेघा ओढाव्यात, पितळ आणि ॲल्युमिनियम गोंदाला सहजी धरत नाहीत.

मग बूड. केसांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून वर रबर लावा, म्हणजे भुगा केसांत जाणार नाही. बुडाच्या कडेवरचा जुना गोंद 120 नंबरनं घासा. इथं फार जोर नको. बुडाचा गोंद केसांना धरून आहे, तो पातळ झाला तर केस सुटतील. चकाकी जाऊन मॅट दिसलं की थांबा.

आता अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं दोन्ही पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत, नवा नवा घेऊन. एकदा पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही गोंदाला नको असतं. आणि मघाशी म्हटलेली ती रात्र आत्ता द्या.

चौथा टप्पा: कोरडं बसवून बघणं

गोंदाच्या ट्यूबला हात लावायच्या आधी झुबका नुसता खोबणीत ठेवा. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली खोली. बॉलपेनची रिकामी रिफिल खोबणीत उभी टेकवून काठाशी खूण करा आणि पट्टीवर मोजा. बुडाची उंचीही मोजा. बुडाची वरची कड खोबणीच्या काठापेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. ती वर राहिली तर मुळाशी गोंदाचा फुगवटा दिसतो, चेहऱ्याला टोचतो आणि पाणी थेट जोडावर येतं. फार खाली गेली तर केसांची बाहेरची लांबी कमी होऊन ब्रश ताठर लागतो. समजा बूड 12 मिलिमीटर आहे आणि खरवडून झाल्यावर खोबण 16 भरली. 14 हवी, म्हणजे तळाला दोन मिलिमीटरची भर हवी. स्टीलचा किंवा नायलॉनचा वॉशर गोंदात बसवून टाका. पुठ्ठा किंवा कागद घालू नका, तो ओल धरतो.

दुसरी फट. बुडाभोवती अर्धा मिलिमीटर जागा असावी, एपॉक्सीला तेवढा थर लागतो. खरवडण्यामुळं फट जास्त झाली असेल तर बुडाभोवती सुती दोरा विरळ, दोन वेढ्यांत अंतर ठेवून गुंडाळा. दोऱ्यामुळं बूड मधोमध राहतं, आणि दोरा गोंद पिऊन भिंतीचाच भाग होतो.

तिसरी हवा. बूड खोबणीत चपखल बसतं आणि भिंतींना गोंद असतो, त्यामुळं खाली अडकलेल्या हवेला वाट मिळत नाही. झुबका दाबून बसवला तरी ती दबलेली हवा त्याला पंपाच्या दट्ट्यासारखी हळूहळू वर ढकलते, आणि सकाळी उठून बघावं तर झुबका दोन मिलिमीटर वर आलेला. उपाय सोपा आहे. तिकोनी कानशीनं बुडाच्या कडेवर वरपासून खालपर्यंत एक उभी चर पाडा, मिलिमीटरभर खोल. हवा आणि जादा गोंद तिथून बाहेर येतो, उरलेल्या गोंदानं चर भरून जाते. बसवलेले झुबके परत वर का येतात याचं कारण बहुतेक वेळा ही न पाडलेली चर असते.

पाचवा टप्पा: चिकटवणं

खोबणीच्या बाहेरच्या काठाला मास्किंग टेप गोल लावा. केसांना मुळापासून वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, बूड तेवढं उघडं ठेवा. खिडकी उघडा, हातमोजे घाला. हार्डनर कातडीला चरचरतो आणि काहींना त्याची ॲलर्जी होते.

जुन्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर हरभऱ्याएवढं रेझिन आणि हरभऱ्याएवढाच हार्डनर काढा. दोन्ही सारखे. लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर जास्त घालायची पद्धत चुकीची आहे. तसं केलं तर गोंद कायमचा रबरासारखा राहतो. काडीनं दोन मिनिटं मळा, कडेचा गोंद मध्ये ओढत. रंग सगळीकडं एकसारखा झाला की तयार.

गोंद खोबणीत ओतून वर झुबका दाबू नका. काडीनं भिंतींना पातळ लेप द्या, तळाला थोडा, बुडाच्या कडेला आणि खालच्या बाजूला पातळ लेप. कोरडी जागा कुठंही राहू नये. मग झुबका ठेवा, चर वर दिसत राहील असा, आणि पाव वळसा फिरवत टेपच्या खुणेपर्यंत खाली न्या. फिरवल्यानं लेप सारखा पसरतो. चरीतून गोंदाचा थेंब वर आला तर समजा मात्रा बरोबर. तो थेंब अल्कोहोलच्या काडीनं लगेच टिपा. केसांना लागला असेल तर टोकाच्या दिशेनंच पुसा, मुळाकडं नको.

आता सरळपणा. ब्रश फरशीच्या सांध्यावर उभा करा, डोळा त्याच्या पातळीला आणा आणि मूठ सावकाश फिरवा. टोक सांध्याच्या रेघेवरून डावी-उजवीकडं पळत असेल तर झुबका कललाय. अंगठ्यानं हलकेच सरळ करा. पाच मिनिटांनी परत बघा, दहा मिनिटांनी परत. साधा एपॉक्सी पुरेसा वेळ देतो. मग काठाची टेप काढून टाका; गोंद वाळल्यावर काढली तर काठावर कुरूप कड राहते.

ज्यांची मूठ खाली निमुळती असते त्यांनी ती वाटीभर ज्वारीत खोचून उभी ठेवावी.

झाकणावर उरलेला गोंद फेकू नका. तो तुमचा साक्षीदार आहे. दुसऱ्या दिवशी ब्रशला हात न लावता त्या गोंदात नख रुतवून बघा. नख रुतलं तर जोडही कच्चा आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे नेहमी होतं, गारठ्यात एपॉक्सी फार हळू चालतो. ट्यूब आधी पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवल्या तर मळायलाही सोपं जातं. पावसाळ्यात घट्ट झालेल्या गोंदावर कधी तेलकट पापुद्रा दिसतो. तो दमट हवेचा परिणाम, साबणाच्या फडक्यानं पुसला की जातो.

रात्रभरात जोड हाताला घट्ट लागतो. 24 तासांनी ओढून बघा. पण गरम पाणी तीन दिवसांनंतरच. तोवर ट्यूबमधलं क्रीम बोटांनी लावा, एवढं थांबणं परवडतं.

लाकडी मूठ असेल तर

शिसव असो वा साग, उघड्या लाकडाची खोबण पाणी पितेच. खरवडून झाल्यावर एपॉक्सीचा अगदी पातळ हात खोबणीच्या आतून आणि काठावरून फिरवा, तो पूर्ण वाळू द्या, परत 120 नंबरनं खरखरीत करा आणि मगच झुबका बसवा. बाहेरच्या अंगाला पॉलिश गेलं असेल तर दोन-तीन हात पॉलियुरेथेन वार्निशचे द्यावेत. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर असतं, पण गरम पाण्यापुढं टिकत नाही.

बूडच फुटलं असेल तर

केस पुंजक्यानं गळत असतील तर जुना झुबका वाचवायच्या मागं फार लागू नये, असं माझं मत. गळती एकाच कोपऱ्यात असेल तर बूड बाहेर काढून, खालच्या बाजूनं किंचित कोमट केलेला एपॉक्सी मुरवून, वर दोरा आवळून बघता येतं. सगळीकडून गळत असेल तर नवा झुबका घालावा. ऑनलाइन सुटे झुबके मिळतात; दोन मापं लागतात, मुळाचा व्यास आणि केसांची उंची. नेहमीच्या ब्रशांत व्यास 20 ते 24 मिलिमीटर आणि उंची साधारण 45 ते 55 मिलिमीटर असते.

आपल्याकडच्या हवेला मी कृत्रिम धाग्याचा झुबका सुचवेन. तो भिजवत ठेवावा लागत नाही, लवकर वाळतो, पावसाळ्यात कुबट होत नाही, आणि डुकराचे केस घरात नकोत असं म्हणणाऱ्यांचाही प्रश्न मिटतो. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला राठ असतो, वापरून वापरून टोकं फाकून मऊ होतो, पण त्याला रोज भिजवणं आणि रोज नीट वाळवणं दोन्ही लागतं.

पणजोबांच्या काळातला, शंभर वर्षांचा ब्रश पेटीत सापडला असेल तर त्याचे केस वापरूच नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांमधून ब्रिटन आणि अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. त्याचे बीजाणू फार चिवट असतात. असा झुबका घरी घासत, कापत, उडवत बसू नये. मोहापायी वापरूही नये.

एरवी जुनं बूड खोबणीत घट्ट बसलेलं असताना नवा झुबका घालायचा तर केस कात्रीनं मुळाशी कापून बूड ड्रिलनं कोरून काढावं लागतं. गोल मूठ हातात धरून ड्रिल लावणं धोक्याचं आहे, बिट अडकलं की मूठ गरकन फिरते आणि हात सोलून निघतो. वस्तू घट्ट आवळून धरणारा व्हाइस असेल तरच घरी करा. आणि कोल्हापुरात राहून हे घरी करायची गरज तरी काय? शिवाजी उद्यमनगरात लेथ, म्हणजे वस्तू फिरवत कातायची यंत्रं, गल्लोगल्ली आहेत. मूठ आणि नवा झुबका दोन्ही घेऊन जा, आणि व्यास तोंडी सांगण्यापेक्षा झुबकाच हातात द्या. बुडापेक्षा एक मिलिमीटर मोठा बोअर, म्हणजे गोल भोक, आणि ठरलेली खोली, एवढं सांगितलं की पुरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रींनी मूठ उलटीपालटी करून नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "चक आवळला तर फुटंल की ओ हे." मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मुठीला गुंडाळली, चकचे, म्हणजे लेथवर वस्तू आवळून धरणाऱ्या पकडीचे, जबडे अगदी हलके टेकवले आणि बोअर मारला. भिंत अशी सरळ आली की नंतर पेपरसुद्धा जेमतेम फिरवावा लागला. माल बाहेर काढायच्या संध्याकाळच्या गडबडीत असलं काम घेऊन जाऊ नये, आणि एवढ्याशा कामाचा भाव करू नये.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा थंड पाण्यात केस बुडवून पाच मिनिटं ठेवा आणि परत मुळाशी चिमट धरून फिरवून बघा. मग कोमट. यापुढं मगात पाणी फक्त केसांपुरतं घ्या. काठाच्या वर पाणी नको. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम. फेस करताना ब्रश दाबून गोल गोल घुसळण्यापेक्षा टोकानं फिरवा, जोडावरचा बराच ताण तिथंच वाचतो. दाढी झाल्यावर धुऊन, झटकून, टॉवेलवर दोन-चारदा पुसून न्हाणीच्या बाहेर ठेवा. बंद डबीत ओला ब्रश घालून प्रवासाला जाऊ नका.

एवढं करूनही जोड महिना-दोन महिन्यांत सुटला तर लगेच परत चिकटवू नका, आधी सुटलेला गोंद बघा. सगळा गोंद बुडाला चिकटून बाहेर आला असेल तर खोबण नीट साफ झाली नव्हती. गोंद खोबणीत राहिला आणि बूड मोकळं निघालं तर घासण्यात बूड राहून गेलं. थोडा इकडं, थोडा तिकडं आणि मधूनच फाटलेला असेल, वर नखानं दाबल्यावर मऊ लागत असेल, तर दोन ट्यूबचं प्रमाण किंवा मळणं चुकलं. आणि तळाशी गोंद लागलेलाच नसेल, नुसता गुळगुळीत कोरडा गोल दिसत असेल, तर तिथं हवा अडकली होती. कानस घ्या आणि चर खोल करा.